खेळाडू विद्यार्थ्याची दुसरी वही: इतिहास, बातमी आणि घरातल्या समजुतींवर कसे लिहावे

नियमित सराव करणाऱ्या विद्यार्थ्याकडे एक वही असतेच. किती फेऱ्या मारल्या, किती वेळेत मारल्या, मध्ये किती विश्रांती घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या किती दुखल्या, हे सारे तीत लिहिलेले असते. हा लेख दुसऱ्या एका वहीविषयी आहे. खेळाच्या निमित्ताने आपल्या कानांवर पुष्कळ इतिहास पडतो, रोज बातम्या वाचनात येतात आणि घरी, मैदानावर, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी सेवेच्या) बसमध्ये असंख्य समजुती ऐकू येतात. त्यांविषयी आपल्याला काय वाटते आणि ते का वाटते, हे नीट लिहून ठेवण्यासाठी ही वही असते. मी आठशे मीटर धावते आणि गोव्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकते, त्यामुळे माझी उदाहरणे या दोन ठिकाणांहून येतील. परंतु फुटबॉल, कबड्डी किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही हीच पद्धत वापरता येईल.

खेळाडूला हे काम इतरांपेक्षा सोपे जायला हवे, असे माझे मत आहे. सरांनी "आज छान धावलीस" असे म्हटले तरी आपण घड्याळ पाहिल्याशिवाय राहत नाही, आणि घड्याळाने वाईट वेळ दाखवली तर कारण सांगण्याआधी झोप, जेवण, वारा यांची नोंद चाळतो. गंमत अशी की मैदानाबाहेर पडताच हाच विद्यार्थी मोबाइलवर आलेला कोणताही मजकूर न वाचता पुढे पाठवून मोकळा होतो. घड्याळ पाहण्याची ही सवय मैदानाबाहेरही टिकावी, एवढ्यासाठीच दुसरी वही ठेवायची आहे.

पानाची आखणी आधी ठरवून घ्यावी. सर्वांत वर, ऐकलेले किंवा वाचलेले विधान शक्य तितक्या नेमक्या शब्दांत लिहावे. "गोव्यात फुटबॉल फार जुना आहे" हे वाक्य वहीच्या उपयोगाचे नाही, कारण त्याचा तपास कसा करायचा हेच कळत नाही. "१८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला" हे वाक्य मात्र उपयोगाचे आहे, कारण त्यात माणूस, गाव आणि साल आहे आणि तिन्ही शोधता येतात. त्याखाली ते विधान कोणाकडून, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाले ते लिहावे. मग तपासासाठी जागा ठेवावी आणि आपले मत त्यानंतरच लिहावे. मत आधी लिहिले की तपास त्या मताच्या सोयीने होऊ लागतो. पानाचा खालचा चौथा हिस्सा कोरा सोडावा. पुढे कधी नवी माहिती मिळाली तर जुने वाक्य न खोडता ती तारखेसह तिथे लिहिता येते.

वेळेविषयी फार कडक नियम नको. संध्याकाळच्या सरावानंतर अंग आंबलेले असते आणि त्या वेळी लिहिलेले मत बहुधा चिडचिडीचे असते, म्हणून विश्रांतीचा दिवस किंवा रविवारची सकाळ बरी. आठवड्याला एक पान पुरेसे आहे. गोव्यातल्या खेळाडूला पावसाळ्याची आणखी एक सोय आहे: जूनपासून मैदाने चिखलाने भरतात, स्पर्धा विरळ होतात आणि पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचायला वेळ मिळतो. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचा उपयोग आपण परीक्षेच्या अभ्यासाला जागा मिळावी एवढ्यापुरताच करतो, हे मला खटकते.

इतिहासाचे पहिले पान

सुरुवात आपल्याच खेळातल्या एखाद्या जुन्या घटनेपासून करावी, कारण तिथे आपण अनुभवाने काही ताडून पाहू शकतो. माझ्या दृष्टीने या कामासाठी सर्वांत चांगली घटना म्हणजे १९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधली स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत. त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ॲथलेटिक्समध्ये पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता. अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राड्के हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली आणि जपानची किनुए हितोमी दुसरी आली. शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी ती पूर्ण केली. अंतिम रेषेपलीकडे काही जणी खाली बसल्या, आडव्या झाल्या. जीव तोडून आठशे मीटर धावल्यावर पुरुषही हेच करतात, आणि बांबोळीच्या मैदानावर कोणत्याही स्पर्धेच्या दिवशी हे दृश्य दिसते.

वृत्तपत्रांत मात्र वेगळेच छापून आले. एका अमेरिकी पत्रकाराने तर अकरा जणी धावल्या, पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली आणि पाच जणी शेवटी कोसळल्या, असे लिहिले. धावणाऱ्यांची संख्यासुद्धा ज्याने नीट मोजली नव्हती, त्याच्यासारख्यांच्या वर्णनावर विश्वास ठेवला गेला, कारण स्त्रीच्या शरीराला एवढे अंतर झेपत नाही ही समजूत वाचकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मनात आधीपासून होती. ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली आणि ती थेट १९६० साली रोममध्ये परत आली, आणि स्त्रियांच्या मॅरेथॉनला तर १९८४ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

या घटनेचे पान लिहिताना "किती अन्याय झाला" एवढेच लिहून थांबू नये. समजूत, बातमी आणि निर्णय या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या, ते शोधावे. बातमी लिहिणाऱ्याने डोळ्यांनी काय पाहिले आणि मनातले काय मिसळले? त्या बातमीवरून निर्णय घेणारे कोण होते, आणि त्यांना खरा निकाल पाहणे शक्य होते का? निकालपत्रक तर त्यांच्याच हातात होते. हे प्रश्न एकदा अंगवळणी पडले की पुढची पाने भराभर लिहिता येतात.

फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी दुसरी घटना सुचवते. १९५० सालच्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात भारताला स्थान मिळाले होते, पण अनवाणी खेळण्याची परवानगी नसल्यामुळे संघ गेला नाही, ही कथा गोव्यातल्या प्रत्येक मैदानावर सांगितली जाते. भारतीय खेळाडू १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले, हे खरे. त्यामुळे ही कथा पटकन पटते. परंतु त्या काळच्या भारतीय फुटबॉल संघटनेने दिलेली कारणे सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीवरचे मतभेद अशी होती, प्रवासही लांबचा होता, आणि त्या वेळी आपल्याकडे विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला कितीतरी अधिक मान होता. अनवाणी पायांची कथा टिकली, कारण ती एका वाक्यात सांगता येते आणि तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो. अशा कथेसमोर "खोटी" असा शेरा मारण्यापेक्षा ती का टिकली, हे लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते.

याच पानावरून गोव्याच्या इतिहासात शिरता येते. १९५० साली गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. भारताच्या संघात तेव्हा गोवेकर आडनावे दिसतात ती मुख्यतः मुंबईच्या मैदानांवरून आलेली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा त्यांपैकीच. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रांको हाही मुंबईत खेळूनच १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात पोचला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर चित्र बदलले, आणि १९८२-८३ च्या हंगामात गोव्याने बंगालसह संयुक्तपणे, तर पुढच्या हंगामात एकट्याने संतोष चषक ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकली. मुक्तीची तारीख पाठ करणे आणि त्या तारखेमुळे एखाद्या खेळाडूच्या बनियनवर कोणत्या प्रदेशाचे नाव आले हे पाहणे, यांत मोठा फरक आहे. वहीत दुसरी गोष्ट यावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे हा इतिहासाचा दुसरा मार्ग आहे, आणि त्यासाठी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाइतका चांगला विषय नाही. महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणणाऱ्यांचे चिन्ह फूल होते आणि संघप्रदेश राहावा म्हणणाऱ्यांचे दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते, म्हणजे ज्यांनी प्रत्यक्ष मत दिले ते आजी-आजोबा आज ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून मोठे आहेत; हे पान पुढच्या वर्षावर टाकू नये. "तुम्ही कोणाच्या बाजूने होता?" असे थेट विचारले तर पुष्कळदा विषय बदलला जातो. त्याऐवजी "आजी, मतदानाला कोणाबरोबर गेलात? कशाने गेलात? गावात त्या दिवशी काय चालले होते?" असे विचारावे, फूल की पाने, ते बोलण्याच्या ओघात आपोआप येते. मराठी वाचणाऱ्या घरांत या विषयावर आजही दोन टोकांच्या आठवणी आहेत, आणि कित्येकदा एकाच वाड्यात दोन्ही सापडतात. दोन्ही लिहाव्यात, आणि आकडा आकड्याच्या जागी, आठवण आठवणीच्या जागी ठेवावी. आठवण चुकीची असली तरी ती खोडू नये. तिच्यासमोर छापील तारीख लिहावी, एवढेच.

बातमी

बातमीचे पान लिहिताना एकच बातमी घ्यावी आणि ती निदान दोन वृत्तपत्रांत वाचावी. गोव्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतली वृत्तपत्रे निघतात, आणि एकाच सामन्याची बातमी वेगवेगळ्या वृत्तपत्रांत कोणत्या वाक्याने सुरू होते हे पाहिले, तरी अर्धे पान भरते.

मथळ्यातला आकडा नेमका कशाचा आहे, हा पहिला प्रश्न. १६ मे २०२५ रोजी दोहा येथे नीरज चोप्रा याने ९०.२३ मीटर भालाफेक केली आणि नव्वद मीटरची रेषा प्रथमच ओलांडली, ही बातमी आपण सर्वांनी आनंदाने वाचली. त्या स्पर्धेत तो दुसरा आला होता. जर्मनीच्या युलियन वेबर याने ९१.०६ मीटर फेक केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणत्या वृत्तपत्राने कोणती मथळ्यात घेतली आणि कोणती चौथ्या परिच्छेदात ढकलली, हे लिहिणे म्हणजेच बातमीवर विचार करणे.

घरचे उदाहरण अधिक अवघड असते. २०२३ सालच्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, गोव्याने २७ सुवर्णांसह ९२ पदके मिळवली आणि महाराष्ट्र २२८ पदकांसह पहिला आला. या आकड्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे, पण वहीत त्यापुढे काही प्रश्न लिहावेत: यजमान म्हणून किती खेळांत उतरण्याची संधी मिळाली, पदके कोणत्या खेळांत आली, आणि त्या खेळांचा सराव आपल्या तालुक्यात आज कुठे चालतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ग्रंथालयही लागत नाही. सायकलवरून गावातल्या मैदानापर्यंत जावे लागते.

मैदानांच्या बातम्यांविषयी एक छोटी युक्ती. "भव्य क्रीडासंकुल" अशी बातमी दिसली की त्यातले क्रियापद अधोरेखित करावे. घोषणा झाली, पायाभरणी झाली, निविदा निघाली, काम सुरू झाले, मैदान खुले झाले, या पाच वेगवेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक वर्षे जाऊ शकतात. कोरा सोडलेला चौथा हिस्सा अशा पानांवर सर्वांत लवकर भरतो, किंवा अजिबात भरत नाही, आणि दोन्हींतून काही कळते.

उत्तेजकांच्या बातम्या जपून हाताळाव्यात, कारण त्यांत एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे नाव असते. चाचणीत दोष आढळणे, तात्पुरते निलंबन होणे, दुसऱ्या नमुन्याची तपासणी होणे आणि सुनावणीनंतर बंदी येणे हे निरनिराळे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि शेवटच्या टप्प्याची आतल्या कोपऱ्यात. शेवटचा टप्पा कळेपर्यंत मताची जागा रिकामी ठेवावी.

रोजच्या समजुती

हा भाग सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत नाजूक. समजुतींची थट्टा करणारे पान लिहिणे फार सोपे असते आणि ते दुसऱ्या वर्षी वाचवत नाही. माझा नियम असा आहे की आधी श्रद्धा आणि दावा वेगळे करावेत. मैदानात उतरताना एक जण जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतो, त्याच संघातला दुसरा क्रूसाची खूण करतो, सामन्याआधी कोणी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो, कोणाची आई दृष्ट काढते. यांतून शरीराविषयी काही सांगितले जात नाही, कोणाचे नुकसानही होत नाही, आणि सुरुवातीच्या रेषेवर मन ठिकाणावर आणण्याचे काम त्यांतून होते. अशा पानावर वर्णन करावे. निकाल देऊ नये. माझ्या स्वतःच्या बुटांची नाडी बांधण्याचा एक ठरलेला क्रम आहे आणि त्याचे समर्थन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

"धावताना पाणी प्यायले की पोटात दुखते, म्हणून पिऊच नये" हा मात्र दावा आहे आणि त्याचा तपास व्हायलाच हवा. एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीवर हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही; घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही, आणि तरीही पाणी व मीठ बाहेर जातच राहते. त्या हवामानात पाणी तोडणे धोक्याचे आहे. एका दमात भरपूर पाणी पोटात गेले तर धावताना दुखू शकते, हे त्या समजुतीमागचे खरे निरीक्षण; उपाय थोडे थोडे पिण्याचा आहे, न पिण्याचा नाही. समजुतीत जो खरा भाग असतो तो असा वेगळा काढून दाखवला, की आजोबाही रागावत नाहीत.

कधी तपासाचा निकाल वडीलधाऱ्यांच्याच बाजूने लागतो. सरावानंतर महागड्या डब्यातली पूड घ्यावी की घरची उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, हा वाद आमच्या गटात नेहमी रंगतो. पेजेत पाणी, पिठूळ पदार्थ आणि मीठ असते, म्हणजे घामाने गेलेले आणि धावण्यात खर्च झालेले बरेचसे भरून निघते. प्रथिनांसाठी जोडीला मासळी, अंडे किंवा डाळ घ्यावी. पूड विकणाऱ्याची जाहिरात ही सुद्धा एक समजूतच असते, फक्त तिच्यावर चकचकीत कागद असतो.

दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते "लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे", हे तर प्रशिक्षणाच्या भाषेत सांगितले जाते, त्यामुळे ते समजूत वाटत नाही. जोरदार धावल्यावर रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होते; एक-दोन दिवसांनी जाणवणारे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते. शास्त्रीय शब्द कानांवर आला म्हणून तपास सोडू नये, हे सांगण्यासाठी मी हे पान नवीन मुलांना मुद्दाम वाचायला देते. मुरगळलेला घोटा लगेच गरम तेलाने रगडण्याची पद्धतही याच वर्गातली, आणि अधिक नुकसान करणारी: ताज्या इजेला उष्णता आणि चोळणे यांनी सूज वाढते. पहिले दोन दिवस विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, पट्टी बांधावी आणि पाय उंच ठेवावा. टाच टेकून चार पावले टाकता येत नसतील तर डॉक्टरकडे जावे.

मासिक पाळीत मुलीने मैदानावर जाऊ नये, या समजुतीवर मात्र मुलींनी स्वतः लिहावे. निरोगी मुलीने त्या दिवसांत धावू नये असे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. कोणाला त्रास होत असेल तर ती त्या दिवशी सराव कमी करील, जसा ताप आलेला मुलगा करतो. हे पान लिहिताना ॲमस्टरडॅमचे पान शेजारी उघडून ठेवावे. समजूत तीच आहे, फक्त ती वृत्तपत्रातून न येता स्वयंपाकघरातून आली आहे आणि सांगणारी व्यक्ती आपल्यावर माया करणारी आहे. म्हणून उत्तराचा सूर वेगळा हवा, उत्तर तेच राहील.

वही दुसऱ्यांना दाखवायची की नाही, हे आधीच ठरवावे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एखादे पान द्यायचे असेल तर सहखेळाडूंची नावे, त्यांच्या इजा आणि घरातल्या माणसांची मते त्यांना विचारल्याशिवाय छापू नयेत. आजीने जनमत कौलाविषयी जे सांगितले ते तिने नातीला सांगितलेले असते, वाचकांना नव्हे. प्रशिक्षकांना वही दाखवायला हरकत नाही, मात्र त्यांच्याच सांगण्यावर लिहिलेली पाने दाखवताना स्रोत आणि तारीख नीट लिहिली आहे ना, ते पाहून घ्यावे. "सर, हे तुम्ही असे म्हणाला होता" या वाक्याने सुरू झालेली चर्चा चांगली होते, "सर, तुम्ही चुकलात" या वाक्याने सुरू झालेली सहसा होत नाही.

पानांना क्रमांक द्यावेत आणि शेवटच्या दोन पानांवर सूची करावी, म्हणजे पेजेचे पान आणि पाण्याचे पान एकमेकांना जोडता येतात. ज्या पानांवरचा तपास अपुरा राहिला आहे त्यांचे कोपरे दुमडून ठेवावेत, आणि नवी वही सुरू करताना तीच विधाने तिच्या पहिल्या पानांवर उतरवून घ्यावीत.